एकेरी रुळावरची दोन समीकरणे

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकुरपर्यंत जाणारा कोकण रेल्वेचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग वाहतुकीस खुला झाला. त्याचा बहुतांश भाग आजही एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना वाटेत कुठेही ओलांडू शकत नाहीत. स्थानकात मुख्य रुळाच्या शेजारी लूप लाइन असते. एक गाडी तिथे थांबते आणि दुसरी पुढे निघून जाते. रेल्वेच्या भाषेत हे क्रॉसिंग. कोणत्या गाडीने कुठे थांबायचे आणि किती वेळ, हे ठरवायला वेळापत्रक आखणारे अधिकारी आणि कंट्रोल ऑफिसातले सेक्शन कंट्रोलर पिढ्यान् पिढ्या एकाच साधनावर विसंबून आले आहेत: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्थानके आणि प्रत्येक गाडीसाठी एक तिरपी रेषा. महाराष्ट्रातला दहावीचा विद्यार्थी गणित भाग १ उघडतो तेव्हा पहिलेच प्रकरण त्याला नेमके हेच साधन देते. फक्त तिथे त्याचे नाव ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ असते आणि तिथल्या आलेखांत गाडी नसते. मोजके बिंदू काढा, पट्टीने जोडा, छेदनबिंदू वाचा, एवढ्यावर आलेखाची ओळख संपते. माझे म्हणणे असे आहे की रेषा ओढणे हा या विषयातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे. खरा विचार त्याच्या आधी आणि नंतर करावा लागतो: परिस्थितीतून समीकरण लिहिताना, आणि ओढलेली रेषा परत परिस्थितीत वाचताना.

एक उदाहरण सविस्तर मांडून पाहू. समजा, दोन टोकांच्या स्थानकांत १२० किलोमीटरचे अंतर आहे. अंतर पहिल्या स्थानकापासून किलोमीटरमध्ये मोजू आणि त्याला ‘य’ म्हणू. वेळ सकाळी आठपासून तासांत मोजू आणि तिला ‘क्ष’ म्हणू. पहिली गाडी आठ वाजता पहिल्या स्थानकातून ताशी ६० किलोमीटरने निघते. तिचे समीकरण लिहायला कष्ट नाहीत: य = ६०क्ष. दुसरी गाडी साडेआठला समोरच्या टोकाहून ताशी ४० किलोमीटरने इकडे यायला निघते. इथे मात्र थांबून विचार करावा लागतो. ती येत आहे, म्हणजे पहिल्या स्थानकापासूनचे तिचे अंतर कमी होत आहे, म्हणून ४० च्या आधी उणे चिन्ह हवे. हे उणे चिन्ह गाडी हळू जाते असे सांगत नाही, आणि ती उतारावर आहे असेही सांगत नाही. मोजमाप कोणत्या टोकापासून धरले आहे एवढेच सांगते. शिवाय गाडी आठला निघालेली नाही. तेव्हा तिचा धावण्याचा वेळ क्ष नसून क्ष वजा अर्धा तास आहे. अंतर होते १२० वजा ४० गुणिले (क्ष − अर्धा). कंस सोडवला की समीकरण येते: य = १४० − ४०क्ष.

हा १४० नीट पाहण्यासारखा आहे. मार्ग १२० किलोमीटरचाच आहे, मग १४० आले कुठून? समीकरणाचे म्हणणे असे की गाडी आठ वाजल्यापासूनच याच वेगाने धावत असती, तर आठ वाजता ती १४० व्या किलोमीटरवर असती. तिथे आपल्या हिशेबातला रूळच नाही. तरीही १४० हा आकडा बरोबर आहे आणि त्याच्या जागी १२० लिहिणे चूक आहे, कारण १२० लिहिले की दुसरी गाडी अर्धा तास आधी सुटते. रेषा कागदावर दोन्ही बाजूंना अमर्याद लांब असते, गाडीचा प्रवास मात्र एका क्षणी सुरू होतो आणि एका क्षणी संपतो. म्हणून समीकरणासोबत त्याची हद्दही लिहावी लागते: क्ष अर्ध्यापेक्षा कमी नको, साडेतीनपेक्षा जास्त नको. पाठ्यपुस्तकातल्या तयार समीकरणाला अशी हद्द नसते, आणि त्यामुळे स्थिरपदाचा अर्थ काय असा प्रश्न विद्यार्थ्याला पडतच नाही. पुस्तकात शाब्दिक उदाहरणे आहेत हे खरे. पण आधी लोप पद्धत, आलेख, निश्चयक आणि क्रेमरची पद्धत, आणि एकसामयिक समीकरणांचे उपयोजन सर्वांत शेवटी, असा तिथला क्रम आहे. उपयोजनापर्यंत पोचेपर्यंत आलेखवही मिटलेली असते आणि शाब्दिक उदाहरणे बहुधा लोप पद्धतीनेच सोडवली जातात. मला हा क्रम उलटा वाटतो.

आता रेषेकडे वळू. एका चलाच्या रेषीय समीकरणाला एक उत्तर असते आणि ते मिळाले की काम संपते. य = ६०क्ष या समीकरणाचे तसे नाही. क्ष ला हवी ती किंमत द्या, य ची एक किंमत मिळते. अशा जोड्यांना अंत नाही. आलेखावरची रेषा म्हणजे या सगळ्या जोड्यांची एकत्र मांडलेली यादी. रेषेवरचा प्रत्येक बिंदू हे एक खरे विधान आहे (‘नऊ वाजता गाडी ६० व्या किलोमीटरवर आहे’), आणि रेषेबाहेरचा प्रत्येक बिंदू हे खोटे विधान आहे. दोन बिंदूंतून रेषा पक्की होते आणि बाकीचे पडताळ्यासाठी असतात, म्हणून दोनाहून अधिक बिंदू काढायला सांगतात. काढलेले बिंदू म्हणजे उत्तरे आणि रेषा म्हणजे ती जोडणारी शोभा, असा समज अनेक मुलांच्या मनात राहून जातो. तो दूर केल्याशिवाय छेदनबिंदूचा अर्थ लागत नाही. दोन रेषा जिथे छेदतात तिथे एकच विधान दोन्ही गाड्यांबद्दल एकाच वेळी खरे असते. आपल्या उदाहरणात ६०क्ष = १४० − ४०क्ष, म्हणून १००क्ष = १४०, क्ष = १.४ आणि य = ८४. म्हणजे ९ वाजून २४ मिनिटांनी, ८४ व्या किलोमीटरवर.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. हे उत्तर दोन ओळींत बीजगणिताने मिळाले, तेही अचूक. आलेखावर ते डोळ्यांनी वाचावे लागते आणि एखाद्या घराचा फरक पडतोच. मग आलेख कशाला? इतिहासही या आक्षेपाच्याच बाजूने उभा राहतो. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने आर्यभटीयाच्या गणितपादात नियम दिला आहे की समोरासमोर येणाऱ्या दोघांमधील अंतराला त्यांच्या गतींच्या बेरजेने भागावे, आणि एकाच दिशेने जाणाऱ्यांच्या अंतराला गतींच्या वजाबाकीने, म्हणजे भेटीचा काळ मिळतो. तो आपल्या गाड्यांना लावून पाहावा: साडेआठला पहिली गाडी ३० व्या किलोमीटरवर आहे, दोघींत ९० किलोमीटर उरले आहेत, गतींची बेरीज १००. भागाकार ०.९ तास, म्हणजे ५४ मिनिटे, म्हणजे पुन्हा ९ वाजून २४ मिनिटे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘बीजगणित’ या ग्रंथातल्या अनेकवर्णसमीकरण या प्रकरणात कालक, नीलक, पीतक अशा रंगांच्या नावांनी अनेक अज्ञात राशी हाताळल्या. यांतल्या कुणालाही आलेखकागद लागला नाही.

तेव्हा दोन समीकरणांचे उत्तर काढायला आलेख आवश्यक नाही, हे मान्यच करायला हवे. पण उत्तर हाती आल्यावर रेल्वेच्या माणसाचा प्रश्न सुटतो का, ते पाहा. ८४ व्या किलोमीटरवर स्थानक नाही. समजा, जवळची स्थानके ७२ आणि ९० व्या किलोमीटरवर आहेत. बीजगणिताने अचूक उत्तर दिले, आणि ते उत्तर प्रत्यक्षात येऊ द्यायचे नाही हेच आता कंट्रोलरचे काम आहे. त्याला हवे आहेत ते पर्याय. पहिली गाडी ७२ वर थांबवली तर? ती तिथे ९:१२ ला पोचते आणि दुसरी ९:४२ ला, म्हणजे अर्धा तास वाट पाहणे. दुसरी गाडी ९० वर थांबवली तर? ती तिथे ९:१५ ला येते आणि पहिली ९:३० ला, म्हणजे पंधरा मिनिटांत काम भागते. आलेखावर हे दोन्ही पर्याय मोजायचीही गरज नाही. ७२ आणि ९० च्या पातळीवर आडव्या रेषा आखल्या की प्रत्येक आडव्या रेषेवर दोन तिरप्या रेषांमध्ये जेवढे अंतर दिसते तेवढी त्या स्थानकातली प्रतीक्षा. वरचे अंतर आखूड आहे, खालचे लांब. नजर टाकताच निर्णय होतो. आणि पुढचा प्रश्नही तिथेच दिसतो: दुसरी गाडी मुळात ८:३० ऐवजी ८:४५ ला सोडली तर? तिची रेषा स्वतःला समांतर राहून उजवीकडे सरकते आणि छेदनबिंदू नेमका ९० वर जाऊन बसतो. ८:०० ला सोडली तर तो ७२ वर येतो आणि कुणालाच थांबावे लागत नाही. वेळापत्रक आखणे म्हणजे बऱ्याच अंशी हेच: रेषा अशा सरकवायच्या की छेदनबिंदू स्थानकांच्या आडव्या रेषांवर पडतील. बीजगणित विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर देते. आलेख न विचारलेले प्रश्नही समोर ठेवतो, आणि तो शिकण्याचे कारण हे आहे.

समीकरणाकडे रेषा म्हणून पाहण्याची ही दृष्टी जन्माला आली ती सतराव्या शतकात. गणितज्ञ फेर्माने प्रथम घाताचे समीकरण सरळ रेषा दाखवते हे लिहून ठेवले आणि देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ १६३७ मध्ये छापला गेला. त्याआधी एका समीकरणात दोन अज्ञात असले की उत्तर एक नसते, म्हणून ते अपुरे समजून दुसरे समीकरण शोधले जाई, किंवा भारतीय कुट्टकाप्रमाणे त्यातली पूर्णांक उत्तरे वेचली जात. आलेखाच्या नजरेने पाहिले तर कुट्टकाची उत्तरे म्हणजे रेषेवरचे ते बिंदू जिथे ती चौकटींच्या कोपऱ्यांतून जाते. नव्या दृष्टीत अपुरे समीकरणच पूर्ण वस्तू ठरले: त्याला आकार आला, चढ आला, स्थान आले. गाड्यांसाठी या रेषा एकोणिसाव्या शतकात आल्या. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी आलेखपद्धतीवरील आपल्या ग्रंथात पॅरिस ते लिओं मार्गाचे वेळापत्रक असे रेषांनी छापले आणि पद्धतीचे श्रेय इब्री या अभियंत्याला दिले.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. गाडी कधीच एका वेगाने धावत नाही. सुटताना हळू, वळणावर हळू, घाटात हळू. मग सरळ रेषा हे सोयीचे असत्य नव्हे का? आक्षेपातले तथ्य नाकारता येत नाही, पण त्याचा परिणाम आक्षेप घेणाऱ्याला वाटतो तो होत नाही. कंट्रोलरच्या चार्टवरची, म्हणजे वेळ-अंतराच्या आलेखावरची, गाडी ही एक रेषा नसून जोडलेले रेषाखंड असतात, आणि प्रत्येक दोन स्थानकांमधल्या खंडाला स्वतःचा चढ असतो. कर्जत ते लोणावळा या बोरघाटाच्या टप्प्यात रुळाचा चढ तीव्र भागात ३७ ला १ इतका आहे, तिथे गाड्यांना मागून बँकर इंजिने लावावी लागतात आणि वेग उतरतो. आता आलेखावर काय दिसते? जिथे रूळ सर्वांत उभा चढतो तिथे गाडीची रेषा सर्वांत आडवी होते. रुळाचा चढ म्हणजे पुढे गेलेल्या मीटरमागे वाढलेली उंची. आलेखाचा चढ म्हणजे गेलेल्या तासामागे कापलेले अंतर. आलेख हे वाटेचे चित्र आहे असे मानणाऱ्याची इथे हमखास फसगत होते, म्हणून हे उदाहरण वर्गात यायलाच हवे. राहिला स्थानकांच्या दरम्यानचा बारीक चढउतार. तो रेषेत येत नाही हे खरे, पण निर्णय घ्यायचे असतात ते स्थानकांवर, आणि तिथल्या वेळा रेषाखंड बरोबर देतो. उलट सरळ रेषा आखलेली असते म्हणूनच प्रत्यक्ष गाडी तिच्या किती उजवीकडे सरकली, म्हणजे किती उशिरा धावते आहे, हे समजते.

पाठ्यपुस्तकातले जे प्रकार मुलांना निव्वळ अपवाद म्हणून पाठ करावे लागतात, त्यांनाही चार्टवर अर्थ मिळतो. य = ७२ ही आडवी रेषा म्हणजे ७२ व्या किलोमीटरवर उभी असलेली गाडी; वेळ जातो, अंतर बदलत नाही. क्ष = २ ही उभी रेषा कुठल्याच गाडीची असू शकत नाही, कारण एकाच क्षणी सगळीकडे असणे गाडीला शक्य नाही. म्हणूनच चढ आणि स्थिरपदाच्या रूपात उभी रेषा लिहिताच येत नाही आणि पुस्तकातले सामान्य रूप लागते, ज्यात दोन्ही चलांचे सहगुणक एकाच वेळी शून्य नसावेत एवढीच अट असते. पण उभी रेषा निरुपयोगी नाही. दुरुस्तीसाठी रूळ काही तास बंद ठेवणारा रविवारचा मेगाब्लॉक मुंबईकरांना माहीत असतो. चार्टवर असा ब्लॉक म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषांनी घेरलेला आयत: या वेळेपासून त्या वेळेपर्यंत, या स्थानकापासून त्या स्थानकापर्यंत. बंद रुळावरच्या एकाही गाडीची रेषा त्या आयतात शिरता कामा नये. समांतर रेषांना सामाईक उकल नसते, हे विधान म्हणजे एकाच वेगाने पाठोपाठ जाणाऱ्या दोन लोकल. ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या आणि पाच मिनिटांच्या अंतराने सुटलेल्या दोन लोकलींच्या रेषांमध्ये आडवे मोजले तर पाच मिनिटे मिळतात, उभे मोजले तर तीन किलोमीटर.

कोकणच्या प्रवाशाला या गणिताची झळ दोनदा बसते. गणपतीत जादा गाड्या सोडल्या जातात तेव्हा प्रत्येक नवी रेषा समोरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक रेषेला छेदते. एका दिशेने दहा आणि दुसऱ्या दिशेने दहा गाड्या एकमेकींना भेटणार असतील तर शंभर छेदनबिंदू झाले. अकरावी गाडी म्हणजे आणखी दहा. त्यातला प्रत्येक छेदनबिंदू ओढून स्थानकावर आणावा लागतो, आणि एक रेषा सरकवली की तिचे बाकीचे सगळे छेदनबिंदू हलतात. गाडी एखाद्या लहान स्थानकात बराच वेळ का उभी आहे याचे कारण अनेकदा हे असते. दुसरी झळ पावसाळ्याची. दरडींच्या धोक्यामुळे या मार्गावर पावसाळ्यात वेग कमी ठेवतात आणि त्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक लागू करतात. वेग कमी झाला तर सगळ्या गाड्या थोड्या उशिरा धावतील, त्यासाठी नवे वेळापत्रक कशाला, असे कुणालाही वाटेल. आपल्या दोन गाड्यांचे वेग ६० आणि ४० ऐवजी ४० आणि ३० धरून पाहा. समीकरणे होतात य = ४०क्ष आणि य = १३५ − ३०क्ष; दुसऱ्यातले स्थिरपदही बदलले, कारण ते वेगावर अवलंबून होते. छेदनबिंदू जातो जवळजवळ ७७ व्या किलोमीटरवर. आता ९० वर दुसरी गाडी थांबवायची तर ती ९:३० पासून १०:१५ पर्यंत, पाऊण तास अडकते. ७२ वर पहिली थांबवली तर ९:४८ ते १०:०६, अठराच मिनिटे. उन्हाळ्यात योग्य असलेला निर्णय पावसाळ्यात उलटला: थांबणारी गाडीही बदलली आणि स्थानकही. जुने वेळापत्रक ताणून लांब करता येत नाही, ते नव्याने आखावे लागते.

हे सारे आता संगणक करतो, हा तिसरा आक्षेप. भारतीय रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसांत पेन्सिलीने चार्ट भरण्याची जागा क्रिस या रेल्वेच्या माहिती प्रणाली संस्थेने तयार केलेल्या कंट्रोल ऑफिस ॲप्लिकेशनने घेतली आहे. पण पडद्यावर जे उमटते ते याच रेषांचे चित्र असते. रेषा ओढण्याचे श्रम यंत्राने घेतले, म्हणजे नेमका तोच भाग घेतला ज्यावर आपण वर्गात सर्वांत जास्त वेळ घालवतो. अंतर कुठून मोजायचे, उणे चिन्ह कुठे, स्थिरपद काय सांगते, रेषेची हद्द कुठे संपते आणि कोणता छेदनबिंदू टाळायचा, हे अजूनही माणसालाच कळावे लागते. आलेखवहीतला एखादा तास कमी करून तो वेळ या प्रश्नांना दिला तर परीक्षेतले गुणही कमी होणार नाहीत, कारण समीकरणाचा अर्थ लागलेल्या मुलाला बिंदू काढणे जड जात नाही.

कोकण रेल्वेवर रोहा ते वीर हा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्या टप्प्यातल्या गाड्यांची समीकरणे दुहेरीकरणाने बदलली नाहीत, रेषा पूर्वीसारख्याच छेदतात. बदलली ती अट: समोरासमोरच्या दोन रेषांचा छेद आता दोन स्थानकांच्या मध्ये कुठेही पडला तरी चालतो. एकाच दिशेने जाणाऱ्यांची अट मात्र तशीच आहे. ताशी ४० ची मालगाडी आठला सुटली आणि ताशी ६० ची गाडी तिच्यामागे नऊला, तर ४०क्ष = ६०(क्ष − १), म्हणून क्ष = ३; अकरा वाजता, बरोबर १२० व्या किलोमीटरवर दोन्ही रेषा मिळतात. मार्ग त्याहून लांब असेल तर रूळ दुहेरी असूनही मालगाडीला त्या आधीच्या एखाद्या स्थानकात लूपवर घ्यावेच लागते.